भेगेचा जमाखर्च मांडणारा अभियंता

जेट इंजिनाच्या इतिहासाचा विषय निघाला की सर फ्रँक व्हिटल यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते आणि ते उचितच आहे. याच इतिहासात आणखी एक नाव हटकून येते, मात्र ते बहुधा दोष देण्यासाठी. १९२९ सालच्या अखेरीस हवाई दलातील बावीस वर्षांचे तरुण अधिकारी असलेल्या व्हिटल यांनी आपली कल्पना ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या एका शास्त्रज्ञापुढे ठेवली. त्या शास्त्रज्ञाने आकडेमोडीतील चूक दाखवून दिली आणि व्हिटल निराश होऊन परतले. तो शास्त्रज्ञ म्हणजे ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ. प्रसंग खरा आहे. पण केवळ त्यावरून ग्रिफिथ यांचे मोजमाप करणे अन्यायाचे ठरेल. कारण या घटनेच्या नऊ-दहा वर्षे आधी, वयाची तिशीही गाठलेली नसताना, त्यांनी एका अत्यंत मूलभूत प्रश्नाचे उत्तर शोधून काढले होते. वस्तू तुटते म्हणजे नेमके काय होते, हा तो प्रश्न. त्या उत्तराचा आधार घेतल्यावाचून आज कोणत्याही विमानाच्या इंजिनातील पाते वा चकती सुरक्षित आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

ग्रिफिथ यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील जॉर्ज ग्रिफिथ हे त्या काळचे लोकप्रिय कादंबरीकार होते. आकाशातून बाँबफेक करणाऱ्या उडत्या युद्धनौकांची त्यांची ‘द एंजल ऑफ द रेव्होल्यूशन’ ही कादंबरी ॲलन यांच्या जन्माच्याच वर्षी वाचकांपुढे आली. राइट बंधूंचे विमान जमिनीवरून उचलले जाण्यास त्या वेळी आणखी दहा वर्षांचा अवकाश होता. वडिलांनी कल्पनेत उडवलेल्या यंत्रांचे गणित पुढे मुलाला प्रत्यक्षात मांडावे लागले, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. वडील १९०६ मध्ये वारले, तेव्हा ॲलन यांना तेरावे वर्षही पुरे झाले नव्हते. आयल ऑफ मॅन या बेटावर शालेय शिक्षण पुरे करून त्यांनी लिव्हरपूल विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि १९१४ मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये ते फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत दाखल झाले. रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या नावाने पुढे जगभर ख्याती पावलेली संस्था ती हीच.

युद्धकाळातील विमाने लाकूड, कापड आणि तारा यांची बनलेली असत. त्यांचा कोणता भाग किती भार सोसेल याचा अंदाज पुष्कळदा अनुभवावरच बांधला जाई. एखादी कांब पिळली गेली तर तिच्या कोणत्या ठिकाणी सर्वाधिक ताण येईल, हे गणिताने काढणे वाटते तितके सोपे नसते. छेद वर्तुळाकार असेल तर ठीक. तो वेडावाकडा असला की समीकरणे हाताबाहेर जातात. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०३ मध्ये यातून एक सुंदर वाट दाखवली होती. कांबेच्या छेदाच्या आकाराचे भोक पत्र्यात पाडून त्यावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरला आणि तो किंचित फुगवला, तर त्या पडद्याला जिथे सर्वात तीव्र उतार येतो तिथेच पिळलेल्या कांबेत सर्वाधिक ताण असतो. ग्रिफिथ आणि जी. आय. टेलर या दोघांनी या कल्पनेवरून मोजमापाचे एक उपकरण सिद्ध केले आणि १९१७ मध्ये त्यावरील निबंध सादर केला. सहकाऱ्यांनी ग्रिफिथ यांना साबणावरूनच टोपणनाव बहाल केले. गंमत बाजूला ठेवली तरी त्या पडद्याने एक गोष्ट डोळ्यांना दाखवून दिली होती. आतल्या बाजूचा कोपरा जितका तीक्ष्ण, तितका तिथला ताण अधिक.

इथून ग्रिफिथ यांचे लक्ष धातूवरील ओरखड्यांकडे वळले. यंत्राच्या ज्या भागांवर भार एकसारखा उलटसुलट येत राहतो, ते भाग एका दमात तुटण्याला जेवढा भार लागेल त्याच्या कितीतरी खालच्या भाराला कालांतराने मोडतात. धातूंचा शिणवटा म्हणून अभियंत्यांना परिचित असलेली ही व्याधी आगगाडीच्या आसांच्या मोडण्यापासून ठाऊक होती. ऑगस्ट वोलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत तिचा पद्धतशीर अभ्यास केला होता. ज्या दांड्याचा पृष्ठभाग कानशीने घासलेला असेल तो आरशासारखी झिलई केलेल्या दांड्यापेक्षा लवकर शिणतो, हेही कारखान्यांत माहीत होते. पण का, याचा उलगडा होत नव्हता. सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखवले होते की पत्र्यातील लंबवर्तुळाकार छिद्राच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो आणि ही वाढ छिद्राच्या आकारावर अवलंबून असते, लहानमोठेपणावर नव्हे. या हिशेबाने एकाच घडणीचा बारीक ओरखडा आणि मोठा ओरखडा सारखेच घातक ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात मात्र मोठा ओरखडा अधिक घातक ठरत होता. गणित चुकीचे नव्हते आणि अनुभवही खोटा नव्हता. मग दोहोंमध्ये राहून गेले होते तरी काय?

ग्रिफिथ यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. भेगेच्या टोकाशी ताण किती, हे विचारण्याऐवजी भेग वाढली तर ऊर्जेचा जमाखर्च कसा जुळतो, हे त्यांनी विचारले. ताणलेल्या पदार्थात ऊर्जा साठलेली असते. भेग थोडी पुढे सरकली की तिच्या दोन्ही बाजूंचा पदार्थ सैल पडतो आणि तेथील ऊर्जा मोकळी होते. ही झाली जमेची बाजू. उलट भेग वाढते म्हणजे दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि ते तयार करण्यास ऊर्जा मोजावी लागते. ही खर्चाची बाजू. खर्च भेगेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे भेग लहान असेतो खर्च जमेपेक्षा भारी पडतो आणि भेग जागच्या जागी राहते. एका विशिष्ट लांबीपलीकडे जमेची बाजू वरचढ होते आणि मग भेगेला पुढे जाण्यासाठी बाहेरून कोणाच्या मदतीची गरज उरत नाही. ती स्वतःच्या बळावर धावत सुटते. भेग चौपट लांब असेल तर वस्तू निम्म्याच ताणाला तुटते. लहान व मोठ्या ओरखड्यांचे कोडे अशा रीतीने एका साध्या नियमात सुटले.

हा नियम पडताळून पाहण्यासाठी त्यांनी काच निवडली. काच तुटेपर्यंत लवचिक राहते, धातूसारखी मऊ पडून वाहत नाही, त्यामुळे हिशेब चोख राहतो. काचेचे पोकळ गोळे आणि नळ्या घेऊन त्यांवर मुद्दाम मोजक्या लांबीच्या भेगा पाडायच्या आणि आतून दाब देऊन ते केव्हा फुटतात हे पाहायचे, असे हे प्रयोग होते. ताण आणि भेगेच्या लांबीचे वर्गमूळ यांचा गुणाकार दर वेळी जवळजवळ सारखाच आला. पण याहून नवलाची गोष्ट पुढेच होती. रेणूंमधील आकर्षणाच्या हिशेबाने काचेचे बळ सुमारे १४,००० मेगापास्कल असावयास हवे होते. प्रत्यक्षात एक मिलिमीटर जाडीची काचेची काडी सुमारे १७० मेगापास्कललाच तुटत होती. ग्रिफिथ यांनी काच वितळवून तिचे उत्तरोत्तर बारीक धागे ओढले. धागा जसजसा बारीक होत गेला तसतसे त्याचे बळ वाढत गेले. मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाइतक्या जाडीच्या धाग्याने सुमारे ३,४०० मेगापास्कलचा ताण सोसला. पदार्थ तोच, पण बळ वीसपट. बारीक धाग्यात मोठी भेग मावतच नाही, हे त्यामागचे कारण त्यांनी सांगितले. १९२० मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेलेला आणि १९२१ मध्ये छापून आलेला हा निबंध म्हणजे आजच्या भंगशास्त्राचा पाया होय. बारीक तंतूंच्या साह्याने बळकट पदार्थ घडवण्याच्या कल्पनेचे बीजही त्यातच होते.

त्या वेळी मात्र या बीजाला कोणी पाणी घातले नाही. अभियंत्यांचा रोजचा व्यवहार पोलादाशी होता आणि पोलाद काही काचेसारखे तडकत नाही, मग या काचेच्या खेळाचा उपयोग काय, असे बहुतेकांना वाटले. पदार्थशास्त्रज्ञ जे. ई. गॉर्डन यांनी फार्नबरोमधील एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. ग्रिफिथ यांचे साहाय्यक बेन लॉकस्पायझर यांच्याकडून एका संध्याकाळी काच वितळवण्याची गॅसची शेगडी पेटती राहिली आणि प्रयोगशाळेला आग लागली. चौकशीनंतर काचेवरील हे काम थांबवण्याचा हुकूम निघाला आणि ग्रिफिथ यांची रवानगी इंजिनांच्या कामाकडे झाली. हेच लॉकस्पायझर पुढे सर झाले आणि जिनिव्हाच्या सर्न या विख्यात संशोधन संस्थेच्या परिषदेचे पहिले अध्यक्ष बनले. एका विसरलेल्या शेगडीने भंगशास्त्र किती वर्षे मागे गेले, हे सांगता येणार नाही. परंतु इंजिनशास्त्राचा मात्र त्यात लाभ झाला.

इंजिनांकडे आल्यावर ग्रिफिथ यांनी पुन्हा मुळाशी हात घातला. वायूवर चालणाऱ्या टर्बाइनचे प्रयत्न तोवर पुष्कळांनी केले होते, पण तिच्यातील हवा दाबणारा कॉम्प्रेसर इतका अकार्यक्षम असे की मिळालेली सारी शक्ती तोच खाऊन टाकी. १९२६ मध्ये लिहिलेल्या अहवालात ग्रिफिथ यांनी यातील दोष दाखवून दिला. त्या काळची पाती चुकीच्या आकाराची होती. त्यांच्यावरून हवा सुरळीत न वाहता फाटून जात असे. कॉम्प्रेसर आणि टर्बाइन यांचे प्रत्येक पाते हा विमानाचाच एक लहानसा पंख आहे असे मानून त्याला घडवले पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला आणि एकामागे एक पात्यांची चक्रे असलेल्या अक्षीय कॉम्प्रेसरचा पुरस्कार केला. हवा आसाच्या दिशेने सरळ आत शिरते आणि प्रत्येक चक्रागणिक दाबली जाते, अशी ही रचना. आजच्या प्रत्येक मोठ्या प्रवासी विमानाचे इंजिन याच रचनेचे असते.

व्हिटल भेटीस आले ते या पार्श्वभूमीवर. ग्रिफिथ त्या वेळी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील मंत्रालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. टर्बाइनच्या शक्तीवर पंखा फिरवावा, असे त्यांच्या मनात होते. व्हिटल यांची कल्पना निराळी होती. मध्यापासून परिघाकडे हवा फेकणारा साधा कॉम्प्रेसर वापरायचा आणि नुसत्या वायूच्या झोताने विमान पुढे ढकलायचे. ग्रिफिथ यांना ती ओबडधोबड वाटली. त्यांनी दाखवलेली चूक खरी होती, तशी त्यांची दूरदृष्टीही खरी होती. चुकला तो त्यांचा व्यवहार. उत्तम यंत्राच्या ध्यासात चालण्याजोगे यंत्र त्यांच्या नजरेतून निसटले. व्हिटल यांनी जानेवारी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पण पाच पौंड शुल्काअभावी १९३५ मध्ये त्या पेटंटचे नूतनीकरण होऊ शकले नाही. त्यांचे इंजिन १२ एप्रिल १९३७ रोजी प्रथम चालले, आणि ब्रिटनचे पहिले जेट विमान मे १९४१ मध्ये उडाले तोवर जर्मनीचे विमान उडून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. इकडे ग्रिफिथ यांचे स्वतःचे टर्बाइनवरील कामही १९३० नंतर काही वर्षे थंडावले होते. एका बुद्धिमान माणसाच्या नकाराची किंमत देशाला मोजावी लागली, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच सर्वस्वी खोडून काढता येत नाही.

१९३९ मध्ये ग्रिफिथ सरकारी नोकरी सोडून रोल्स-रॉइस कंपनीत गेले आणि १९६० पर्यंत तेथेच राहिले. १९४१ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. कंपनीने त्यांना रोजच्या कारखानदारीपासून अलिप्त ठेवून फक्त विचार करण्याची मोकळीक दिली होती. त्यांच्या साऱ्याच कल्पना फळाला आल्या नाहीत. परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या चक्रांचे एक अतिशय गुंतागुंतीचे इंजिन त्यांनी योजले, ते बाजूला ठेवावे लागले. पण त्यांच्या अक्षीय रचनेतून एव्हॉन हे इंजिन जन्माला आले. आरंभी ते फार हट्टी निघाले. सुरू होण्यास खळखळ करी, वेग घेताना अडे आणि त्याच्या कॉम्प्रेसरच्या पहिल्या चक्राची पाती तुटत. पात्यांवरून हवा फाटली की ती थरथरतात, सेकंदाला शेकडो वेळा वाकतात, आणि अल्पावधीत शिणून मोडतात. ज्या प्रश्नापासून ग्रिफिथ यांना दूर करण्यात आले होते, तोच प्रश्न इंजिनात शिरून त्यांच्यासमोर पुन्हा उभा राहिला होता. इतरांच्या साह्याने तो सुटला आणि एव्हॉन कमालीचे यशस्वी झाले. भारतीय हवाई दलाने १९५७ पासून २००७ पर्यंत वापरलेल्या कॅनबेरा विमानांना हेच इंजिन होते. आत आलेल्या हवेपैकी काही भाग ज्वलनकक्षाला वळसा घालून मागे सोडावा म्हणजे इंधन वाचेल, हा विचारही ग्रिफिथ यांनी मांडला होता. त्या तत्त्वावरचे कॉनवे इंजिन एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानांवर बसवलेले होते. मे १९६० मध्ये मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलेल्या प्रवाशांना याच इंजिनांनी अटलांटिकपार नेले.

दरम्यान काचेच्या जुन्या निबंधाला अनपेक्षित दिशेने उजाळा मिळत होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने झपाट्याने बांधलेली जोडकामाची पोलादी जहाजे थंड पाण्यात काचेसारखी तडकू लागली. जानेवारी १९४३ मध्ये शेनेक्टडी हे तेलवाहू जहाज बंदरात शांत उभे असताना दुभंगले. पोलाद काचेसारखे तडकत नाही, हा समज त्यासरशी मावळला. जॉर्ज अर्विन आणि एगॉन ओरोवान या दोघांनी ग्रिफिथ यांच्या जमाखर्चात एक दुरुस्ती सुचवली. धातूत भेग वाढताना तिच्या टोकाशी पदार्थ मऊ होऊन वाहतो आणि त्यात नव्या पृष्ठभागाच्या कितीतरी पट ऊर्जा खर्ची पडते. खर्चाच्या रकान्यात हा आकडा लिहिला की तोच नियम धातूंनाही लागू पडतो. पाठोपाठ १९५४ मध्ये कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानाचे दोन अपघात घडले. फार्नबरोला एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुनःपुन्हा दाब भरण्यात आला. आधीची खरी उड्डाणे धरून ३,०५७ उड्डाणांएवढा शिणवटा झाल्यावर तिची केबिन फाटली. भेगा कशा सुरू होतात याबरोबरच त्या दर फेऱ्याला किती वाढतात, हेही मोजणे आवश्यक आहे, हे त्यानंतर सर्वांनाच उमगले. पॉल पॅरिस यांनी साठीच्या दशकाच्या आरंभी त्याचे सूत्र दिले. दर फेऱ्यातील वाढ ताण आणि भेगेची लांबी यांच्या एकत्रित मापाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या घाताप्रमाणे होते. म्हणजे सुरुवातीला भेग मुंगीच्या पावलांनी चालते आणि शेवटी घोड्याच्या. तिचे माप वेळेवर घेतले तर पुढची तपासणी केव्हा करावी हे सांगता येते.

ग्रिफिथ १३ ऑक्टोबर १९६३ रोजी निवर्तले. त्याच वर्षी फार्नबरोच्या त्याच संस्थेत विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय बळकट असे कार्बनचे तंतू तयार करण्याची रीत शोधली. चार दशकांपूर्वी थांबवलेले काम जणू तिथेच पुन्हा सुरू झाले. रोल्स-रॉइसने या तंतूंची पाती आपल्या आरबी-२११ या नव्या इंजिनाच्या पंख्याला बसवायचे ठरवले. ती हलकी आणि ताठ होती. परंतु १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. तंतू ओढाताणीला बळकट असले तरी थरांच्या मधली राळ आघातासरशी सुटत होती. कंपनीला जड टायटॅनियमच्या पात्यांकडे परतावे लागले. या इंजिनाच्या खर्चाने आधीच बेजार झालेली कंपनी ४ फेब्रुवारी १९७१ रोजी दिवाळखोरीत निघाली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. ग्रिफिथ यांनी एकवीस वर्षे ज्या कंपनीची सेवा केली, तिच्यावर ही पाळी आली, आणि तिला कारण ठरलेल्या गोष्टींमध्ये भंगाचाच प्रश्न एक होता.

मग धातूच बरे, असे म्हणावे तर त्याचीही हमी नाही. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची टायटॅनियमची चकती आकाशात फुटली. तिच्या तुकड्यांनी विमान वळवणाऱ्या साऱ्या द्रवदाब यंत्रणा निकामी केल्या आणि सू सिटी येथे कोसळलेल्या त्या विमानातील २९६ जणांपैकी ११२ मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले ते असे : सतरा-अठरा वर्षांपूर्वी धातू वितळवताना त्यात एक बारीकसा कठीण कण राहून गेला होता. त्याच्यापासून निघालेली भेग दर उड्डाणागणिक थोडी थोडी वाढत गेली. अपघाताच्या आदल्या वर्षी झालेल्या तपासणीत ती दृष्टीस पडली नाही. जमेची बाजू खर्चावर मात करण्याची घटका आली ती नेमकी हवेत.

अशा भेगांना वाटेतच थोपवणारा पदार्थ घडवता येईल काय, या प्रश्नाने संशोधकांना धातू आणि तंतू यांच्या संयोगाकडे नेले. टायटॅनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीचे तंतू बसवतात. भेग धातूतून पुढे जाते, पण तंतू लगेच तुटत नाहीत. ते भेगेच्या दोन्ही काठांना पुलासारखे धरून ठेवतात आणि तिच्या टोकावरचा ताण हलका करतात. भेग मंदावते, कधी थांबतेही. यासाठी तंतू आणि धातू यांची पकड मुद्दाम थोडी कच्ची ठेवावी लागते. जे. कुक आणि गॉर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवल्याप्रमाणे समोरचा जोड दुबळा असेल तर भेगेचे टोक तिथे बोथट होते. जोड फार पक्का असला तर भेग तंतूलाही चिरत जाते. म्हणून तंतूवर कार्बनचा पातळ लेप देतात. पण या उपायाला त्याच्या अडचणी आहेतच. तप्त अवस्थेत घडवलेला हा भाग थंड होताना धातू तंतूंहून अधिक आकसतो आणि वापरात येण्याआधीच त्याच्यात ताण शिल्लक राहतो. इंजिनाच्या उष्णतेत भेगेतून शिरलेली हवा कार्बनचा लेप जाळून टाकते. तंतूंच्या आडव्या दिशेने भार आला तर हा पदार्थ साध्या टायटॅनियमपेक्षा दुबळा ठरतो. खर्च तर अवाच्या सवा. त्यामुळे अशा तंतूंनी बांधलेली पात्यांची कडी आजवर प्रामुख्याने चाचण्यांपुरतीच राहिली आहेत.

मोटारींच्या जगात मात्र या कल्पनेने लवकर मूळ धरले. टोयोटा कंपनीने १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच डिझेल इंजिनाच्या ॲल्युमिनियम पिस्टनमध्ये, जिथे रिंग बसते त्या खाचेपाशी, सिरॅमिकचे आखूड तंतू घालून तो भाग झिजेपासून वाचवला. इथेही ग्रिफिथ यांचा नियम पाठ सोडत नाही. ॲल्युमिनियममध्ये कठीण कण घातले की ते ताठ होते आणि हलक्या पण असंख्य फेऱ्यांचा शिणवटा अधिक सोसते. पण तेच कण जर एके ठिकाणी गोळा झाले वा त्यांतला एखादा मोठा कण तडकला, तर भेगेचा आरंभ तिथूनच होतो. आणि भार वाढला की भेग साध्या मिश्रधातूपेक्षा वेगाने धावते. बळ वाढवण्यासाठी जे घालावे तेच दुबळेपणाचे मूळ होऊ शकते. म्हणून या पदार्थांच्या कारखान्यात किती कण घातले यापेक्षा ते किती समान पसरले याची चिंता अधिक वाहिली जाते.

आज मुंबईहून सुटणाऱ्या एअर इंडियाच्या बोइंग ७७७ विमानाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची असतात आणि त्यांच्या पुढच्या धारेला टायटॅनियमचे कवच असते. पक्ष्याचा आघात धातू झेलतो, ओढाताण तंतू सोसतात. आरबी-२११च्या अपयशातून इंजिनांच्या जगाने घेतलेला हा धडा आहे. तरीही कोणताही अभियंता पाते निर्दोष आहे असे म्हणत नाही. उपकरणांना दिसू न शकणारी सर्वात मोठी भेग त्यात आहेच असे गृहीत धरून तो हिशेब करतो, आणि ती घातक लांबी गाठण्यापूर्वी पुन्हा तपासणी येईल अशी व्यवस्था लावतो. दोष नाहीसा करता येत नाही, पण त्याला वाढायला काय किंमत पडते ते जाणून ती किंमत चढी ठेवता येते, हे ग्रिफिथ यांनी काचेच्या धाग्यांवरून शिकवले. विमानतळाच्या हँगरमध्ये रात्री दिव्याखाली पात्यावरील ओरखडा मोजणारा तंत्रज्ञ आजही तोच जमाखर्च मांडत असतो.